खुणा जुळल्या तरी चाक तिरकं: घरच्या घरी चेन आणि चाकांची रेष कशी धरायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. १५० सीसीची गाडी, मागे १२० चा टायर, पुढे ९० चा, अलॉय चाकं, उघडी चेन. दोन महिन्यांपूर्वी मागचा टायर बदलला, त्यासाठी चाक काढून परत बसवलं. तेव्हापासून चेनचा घरघर आवाज येतो, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढल्यासारखी वाटते आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) दात्यांची आतली बाजू आरशासारखी चकाकायला लागली आहे. चिमट्यावरच्या (म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या) खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत म्हणून दोघा मेकॅनिकांनी ‘अलाइनमेंट ओके’ सांगून परत पाठवलं. आता तुम्ही विचारताय, हे काम घरी जमेल का आणि त्यासाठी लेसरचं साधन घ्यावं का.

जमेल. लेसर नको. गवंडी वापरतो ती नायलॉनची लाईनदोरी, स्टीलची पट्टी, पान्यांचा सेट आणि रविवारची सकाळ, एवढं पुरे. पण ‘अलाइनमेंट’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्यात, त्या आधी सुट्या करू. पहिली, मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का. दुसरी, मागचं स्प्रॉकेट पुढच्या स्प्रॉकेटच्या रेषेत आहे का. तिसरी, चेनचा ताण बरोबर आहे का. खुणा पाहून यातल्या एकाचंही पक्कं उत्तर मिळत नाही. खूण एवढंच सांगते की एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, चिमट्याच्या दोन्ही टोकांवर साधारण सारख्या जागी आहे. चिमटा स्वतः सरळ आहे का, त्याचे बुश (तो ज्यांवर हलतो त्या नळ्या) झिजलेत का, चाकाच्या दोन्ही बाजूंचे कॉलर (एक्सलवरच्या अंतर राखणाऱ्या नळ्या) आपापल्या जागी आहेत का, हे तिला ठाऊक नसतं.

त्यात त्या खुणेची रेघच जवळपास १ मिमी जाड असते. हा १ मिमी किती महाग पडतो ते बघा. तुमच्यासारख्या गाडीत एक्सलच्या दोन ॲडजस्टरमधलं (त्याची टोकं पुढेमागे सरकवणाऱ्या बोल्टांमधलं) अंतर साधारण २०० मिमी असतं आणि दोन चाकांमधलं अंतर साधारण १३२० मिमी. म्हणजे एक्सलचं एक टोक १ मिमी पुढेमागे झालं, तर मागच्या चाकाची रेष पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत साडेसहा मिमी बाजूला सरकलेली असते. मागे जे डोळ्याला दिसत नाही ते पुढे ठळक दिसतं. म्हणून मी गेली बावीस वर्षं कोल्हापुरात गॅरेज चालवताना खुणेवर चाक बसवतो खरं, पण गाडी सोडताना दोरी लावून बघतो.

आता तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज. दात्यांची आतली, म्हणजे चाकाकडची बाजू चकाकते, याचा अर्थ चेन बाहेर ओढली जातेय आणि तिच्या आतल्या पट्ट्या दात्याला आतून घासतायत. हे दोन कारणांनी होतं. एकतर चाक तिरकं बसलंय, नाहीतर ते सरळच आहे पण अख्खं उजवीकडे, चेनपासून दूर, सरकलंय. तुमचा त्रास चाक काढून बसवल्यानंतर सुरू झाला, म्हणून मला दुसऱ्या कारणाचा संशय जास्त आहे. चाकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एक्सलवर लोखंडी कॉलर असतात. काही गाड्यांत त्यांची लांबी वेगळी असते आणि व्यास मात्र जवळपास सारखा. घाईत अदलाबदल झाली तरी चाक बसतं, नट आवळला जातो, चाक फिरतंही.

गगनबावड्याकडचा एक दूधवाला माझ्याकडे गाडी घेऊन आला होता. वर्षभरात त्याने दोन चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) खाल्ले होते आणि तिसरा निम्म्यावर आला होता. खुणा अगदी बरोबर. मीही आधी चेनलाच दोष दिला, लाल माती आणि घाटातला पाऊस यांच्यावर खापर फोडलं. मग वंगण लावायला एक्सल काढला आणि दोन्ही कॉलर शेजारी शेजारी फरशीवर उभे केले, तेव्हा उजेड पडला. एक दुसऱ्यापेक्षा चांगला चार मिमी उंच होता आणि उंच होता तो नको त्या बाजूला होता. जागा बदलल्या, नवा चेनसेट टाकला, त्यानंतर ती तक्रार आली नाही. तेव्हापासून कोणतंही चाक काढलं की कॉलर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवायचे, हा माझ्या गॅरेजात नियम आहे. मोबाईलवर फोटो काढला तर आणखी चांगलं.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या गाडीच्या पार्ट्सच्या चित्रात, किंवा तीच गाडी असलेल्या मित्राच्या गाडीवर, कोणता कॉलर कुठे आहे ते ताडून पाहा. पायऱ्या असलेला कॉलर असेल तर तो उलटा तर बसलेला नाही ना, हेही बघा. इथे चूक सापडली तर पुढचं निम्मं काम वाचेल.

दोरी लावण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासायच्या, कारण त्या बिघडलेल्या असतील तर दोरीचं माप रोज वेगळं येईल. गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. चिमटाच मुळापासून हलत असेल तर बुश गेलेत, फक्त चाक हलत असेल तर बेअरिंग. मग चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधले कपलिंग रबर बघा. चाक धरून स्प्रॉकेट पुढेमागे फिरवलं तर थोडी हालचाल असतेच, पण स्प्रॉकेट आतबाहेर लचकायला नको. तिसरी गोष्ट चेन स्वतः. या गाड्यांवर बहुधा ४२८ नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. एक पिन धरून पुढच्या विसाव्या पिनेपर्यंत ताणून मोजलं की नव्या चेनमध्ये २५४ मिमी भरतं. २५९ च्या आसपास आलं असेल तर चेन संपली. मग रेष कितीही बरोबर धरली तरी आवाज जाणार नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदलावा लागेल.

आता दोरी. भिंत धरताना गवंडी जशी दोरी ताणतो तसंच हे काम आहे. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागे, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर चिकटपट्टीने धरा. दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे आणा, मेन स्टँडच्या पायांच्या आतून, आणि पुढच्या चाकाच्या पुढे हातभर अंतरावर दोन विटांना बांधून ताणा. पाण्याने भरलेले दोन कॅनही चालतात. दोरी कुठेही स्टँडला, सायलेन्सरला, फुटरेस्टला लागता कामा नये. लागली तर तिथे ती वाकते आणि सगळं माप खोटं पडतं.

यानंतरचं काम नाजूक आहे, इथे वेळ द्या. मागच्या टायरला त्या उंचीवर दोन कडा असतात, एक मागची आणि एक पुढची, दोघींत साधारण दीड वीत अंतर. दोरी मागच्या कडेला टेकलेली आहेच. आता वीट बोटभर आत-बाहेर सरकवत दोरी पुढच्या कडेला नुकती टेकेल असं करा. दाबायची नाही, फक्त टेकवायची. मी पलीकडून टॉर्च मारतो. दोरी आणि रबर यांच्यामधली उजेडाची चीर बारीक होत होत जिथे नाहीशी होते, तिथे वीट सोडतो. एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूचं, आणि मग परत पहिल्या बाजूचं, कारण एक दोरी ओढताना दुसरी सरकते. दोन्ही बाजू एकाच वेळी ‘नुकत्या टेकलेल्या’ झाल्या, की त्या दोन दोऱ्या म्हणजे मागच्या चाकाने पुढे काढलेल्या दोन सरळ रेषा.

पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना फट राहणार. आधी हँडल अगदी हळू फिरवून पुढचं चाक सरळ करा. डाव्या बाजूला टायरच्या मागच्या कडेची आणि पुढच्या कडेची फट सारखी आली की चाक सरळ. मग डावी फट आणि उजवी फट मोजा. दोन्ही सारख्या असतील तर चाकं एका रेषेत.

समजा डावीकडे ९ मिमी आणि उजवीकडे २० मिमी आलं. फरक ११, म्हणजे रेष मधोमध असायला हवी त्यापेक्षा साडेपाच मिमी उजवीकडे गेली आहे, मागचं चाक उजवीकडे बघतंय. नियम सोपा आहे: ज्या बाजूची फट कमी, त्या बाजूचं एक्सलचं टोक मागे न्यायचं. किंवा दुसऱ्या बाजूचं पुढे सोडायचं, चेनचा ताण काय मागतोय त्यावर ठरवा. चेन डावीकडे आहे, त्यामुळे डावं टोक मागे नेलं की चेन घट्ट होते. ती आधीच पुरेशी ताणलेली असेल तर उजवं टोक पुढे सोडा. किती? साडेपाच भागिले साडेसहा, म्हणजे साधारण ०.८ मिमी. ॲडजस्टरचे आटे १.२५ मिमीचे, म्हणजे एका फेऱ्याला तेवढं सरकणारे, असतील तर नटाचा एक पैलू (फेऱ्याचा सहावा भाग) म्हणजे ०.२ मिमी, तेव्हा चार पैलू. नटावर मार्करने ठिपका देऊन पैलू मोजा, अर्धा फेरा–पाऊण फेरा असा अंदाज नको.

फिरवण्याआधी काय काय ढिलं करायचं ते लक्षात ठेवा: आधी एक्सलचा नट, मग ॲडजस्टरचे लॉकनट. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकप्लेट धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचा नट आणि ब्रेक रॉडचं ॲडजस्टमेंटसुद्धा. टॉर्क रॉडचा नट परत आवळायला आणि त्याची स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुभंगलेली पिन) घालायला विसरू नका. तो निसटला तर ब्रेक मारल्यावर अख्खी ब्रेकप्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागेवर जाम होतं. चालत्या गाडीला हे झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत वापरू नका, नवी स्वस्तात मिळते.

एक्सल आवळताना एक खोडी असते. नट फिरवला की एक्सल केसभर सरकतो आणि मेहनतीने धरलेली रेष हलते. त्यावर माझा जुना उपाय: मागच्या स्प्रॉकेटवर, जिथे खालची चेन दात्यांवर चढते तिथे, चेन आणि दाते यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवायची आणि चाक हाताने पुढे फिरवायचं. घडी आत ओढली गेली की चेन ताणली जाते आणि चाक पुढे खेचून ॲडजस्टरवर घट्ट बसतं. त्या ताणातच नट आवळायचा. मग घडी काढायची आणि दोरीची मापं पुन्हा घ्यायची. आवळण्याआधीचं माप कितीही सुंदर आलं तरी मी ते धरत नाही, आवळल्यानंतरचं धरतो. शक्य असेल तर टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकंच आवळा. पाईप लावून अंगाचं वजन टाकलं की आटे जातात.

चाकांची रेष बसली की स्प्रॉकेटकडे वळा. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगावर एखादा सरळ सळईचा तुकडा, सायकलचा नवा स्पोकही चालतो, दोन क्लिपांनी धरा आणि त्याचं टोक चेनच्या वरून पुढे जाऊ द्या. वरून एक डोळा मिटून बघा. सळई आणि चेनची पट्टी यांच्यातलं अंतर मागे जेवढं आहे तेवढंच पुढे इंजिनपाशी राहायला हवं. मग चाक हाताने मागे फिरवत दात्यांवर नजर ठेवा, चेन दात्याच्या मधोमध बसून निघतेय का, की एका पट्टीला चिकटून. लेसर यापेक्षा वेगळं काही करत नाही. तो ठिपका चेनवर पाडतो, सळई तेच डोळ्याला दाखवते. आणि लेसर फक्त स्प्रॉकेटचं बोलतो, चाकांचं नाही. म्हणून तो घ्या असं मी म्हणत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे सगळं इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, हाताने चाक फिरवून करायचं. चेन साफ करायला, वंगण मारायला बरेच जण गाडी चालू करून पहिल्या गिअरमध्ये टाकतात आणि फिरत्या चेनला कापड धरतात. कापड अडकलं की बोट त्याच्यामागे जातं. माझ्या नात्यातल्या एका पोराच्या दोन बोटांची टोकं अशीच गेली. गाडी धुण्याच्या नादात दोन मिनिटं वाचवायला.

ताणाबद्दल थोडक्यात. खालच्या चेनच्या मध्यावर वर-खाली किती हलते ते मोजा. अशा गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचा आकडा चिमट्यावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असेल, तोच धरा. चाक पाव पाव फिरवून चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, कुठेतरी ती जास्त घट्ट असते, त्या घट्ट जागेवर आकडा यायला हवा. गाडी खड्ड्यात बसते तेव्हा पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी चेन सर्वात जास्त ताणली जाते. तेव्हा ढील नसेल तर भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. थोडी ढिली चेन आवाज करते, जास्त घट्ट चेन गिअरबॉक्सचा खर्च काढते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण प्रत्येक गाडी इतक्या सरळ वागेलच असं नाही. दोरीने चाकं बरोबर दाखवली आणि सळईने स्प्रॉकेट तिरकं नाही पण अख्खं आत किंवा बाहेर दाखवलं, तर ॲडजस्टरला हात लावू नका. ते कॉलरचं, स्प्रॉकेट उलटं बसल्याचं किंवा पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर सरकल्याचं लक्षण आहे. कॉलर झिजला असेल आणि नवा मिळत नसेल, तर लेथवर त्याच मापाचा करून घेता येतो. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरात असलं काम रोज चालतं, तुमच्या गावातही लेथवाला असेलच. फक्त नमुना आणि लांबीचा नेमका आकडा दोन्ही द्या.

दोरीने चाक तिरकं दाखवलं पण चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना अगदी सारखं भरलं, तर प्रकरण वाकलेल्या चिमट्याचं, फ्रेमचं किंवा पुढच्या फोर्कचं आहे. हे अंतर टेपने मोजू नका, एखादी ताठ तार टोकाला वाकवून एका बाजूचं माप तिच्यावर घ्या आणि तीच तार दुसऱ्या बाजूला लावा. जुना अपघात असेल, चिमट्यावर वेल्डिंगचा डाग असेल, तर ॲडजस्टरने चाक जबरदस्तीने सरळ करू नका. चाक सरळ दिसेल आणि स्प्रॉकेट तिरकं होईल, चेन पुन्हा खाल्ली जाईल. तिथे फ्रेमचं काम जाणणाऱ्याकडेच जावं लागतं. काही गाड्यांत तर कंपनीनेच मागचं चाक दोन-चार मिमी बाजूला ठेवलेलं असतं. तिथे दोन्ही फटी सारख्या कधीच येणार नाहीत, म्हणून तुमच्या मॉडेलची दुसरी, चांगली चाललेली गाडी मोजून बघितली तर खात्री पटते.

आणि गाडी डावीकडे ओढते त्याचा सगळा दोष मागच्या चाकावर टाकू नका. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तो एका अंगाने झिजलेला असेल, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) घट्ट असेल किंवा त्यात खड्डे पडले असतील तरी तसंच वाटतं. पुढचं चाक उचलून हँडल मधोमध सोडा. ते मध्ये अडकून राहत असेल तर कोनसेट बघायला हवा. तपासताना दोन्ही हात सोडून गाडी चालवू नका. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ३०–४० च्या वेगाने पकड फक्त सैल करा, तेवढ्यात कळतं. रस्ता बहुधा डावीकडे थोडा उतरता असतो, त्यानेही तसं वाटू शकतं, हे लक्षात ठेवा.

क्रम पुन्हा सांगतो: कॉलर, मग बुश-बेअरिंग आणि चेनची लांबी, मग दोरी, मग सळई, मग ताण, आवळल्यावर पुन्हा दोरी. काम झालं की गाडी हलवण्याआधी मागचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. डिस्क असेल तर पहिल्या दाबाला पायडल खोल जाईल, पॅड जागेवर येऊ द्या. ड्रम असेल तर रॉड पुन्हा ॲडजस्ट करा आणि ब्रेकलाईट लागतो का बघा. पाच किलोमीटर सावकाश फिरून या, हात लावून एक्सलचा नट, लॉकनट, पिन तपासा आणि चेनचा ताण परत मोजा.

सध्याच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची आतली बाजू घासून बारीक झाली असेल तर रेष बसल्यावरही थोडा आवाज राहील. तो नव्या चेनसेटनेच जाईल, पण रेष बसवण्याआधी नवा सेट टाकू नका. कॉलर काढल्यावर दोन्हींची लांबी आणि दोरीच्या चार फटी, डावी-उजवी पुढची आणि मागची, लिहून कळवा. एवढे सहा आकडे मिळाले की पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.